गॅस डिटेक्टर बोंबलला की सेटिंग वाढवता? या चुका टाळा

मे महिन्यातली गोष्ट, दुपारचे दोन वाजले होते, नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, आणि कळमन्याकडच्या एका कोल्ड स्टोरेजमधून फोन आला. ऑपरेटर सांगून राहिला, "साहेब, अमोनियाचा डिटेक्टर रोज दुपारी बोंबलते, गॅस बिस काहीच नाही, म्हणून आम्ही सेटिंग 25 वरून 100 करून टाकली." म्हटलं आता काऊन फोन केला मग? तर म्हणे आता पॅनलवर फॉल्ट येऊन राहिला.

सगळ्यात मोठी चूक हीच, अलार्म आणि फॉल्ट दोन्हीला एकाच तराजूत तोलायचं. अलार्म म्हणजे डिटेक्टर सांगतोय गॅस आहे. फॉल्ट म्हणजे तो सांगतोय मला आता दिसत नाही, माझ्या भरवशावर राहू नका. आणि तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, ज्यात तो आंधळा झालेला असतो पण गप्प बसतो, त्यावर येतोच खाली.

आधी सेटिंगचं बघू, म्हणजे किती गॅसला अलार्म वाजायचा ते. अमोनियाला 25 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे 25 भाग) हा आकडा कोणाच्या मनातून आलेला नाही, 1948 च्या कारखाना कायद्याच्या यादीत 8 तासांच्या शिफ्टसाठी तीच मर्यादा दिली होती, आणि 15 मिनिटांसाठी 35. एच2एसला (हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी गॅस) तेच आकडे 10 आणि 15 होते. 300 पीपीएम अमोनिया म्हणजे तर लगेच जिवावर बेतू शकतं अशी पातळी. म्हणजे 100 वर पहिला अलार्म ठेवला तर तुमचा माणूस दिवसभर 80-90 मध्ये काम करेल आणि पॅनल हिरवं दिसेल. वास येतोच ना म्हणाल, पण रोज त्याच खोलीत राहणाऱ्याच्या नाकाला सवय होऊन जाते. एच2एसचं तर अजून बेकार, 100 पीपीएमच्या आसपास वास येणंच बंद होतं.

काही जण एलईएलवाला (गॅस हवेत किती झाला की पेट घेतो, त्या पातळीच्या टक्क्यात मोजणारा) डिटेक्टर लावून मोकळे होतात. अमोनिया हवेत साधारण 15 टक्के झाल्यावर पेट घेतो, म्हणजे दीड लाख पीपीएम, आता त्याच्या 10 टक्क्यावर अलार्म ठेवला तर तो वाजेल 15000 पीपीएमला! आगीसाठी ठीक आहे, माणसासाठी नाही. विषारी गॅसला पीपीएमवालाच सेन्सर पाहिजे. ऑक्सिजनला उलटं असतं बरं का, 20.9 टक्क्यांवरून खाली आला की वाजायला पाहिजे, साधारण 19.5 ला, पण मी असेही पॅनल पाहिले जिथं फक्त वाढल्यावर वाजायचं सेटिंग होतं.

मग रेंज. डिटेक्टर 0 ते 1000 चा आणि पीएलसीत (पॅनलमधल्या कंट्रोलरमध्ये) कोणी पोट्ट्यानं 0 ते 100 टाकलं तर खरा गॅस 25 असताना लूपमध्ये (डिटेक्टर ते पॅनलच्या वायरीत, जिथं शून्य गॅसला 4 आणि पूर्ण रेंजला 20 मिलीअँप वाहतात) 4.4 मिलीअँप येईल आणि स्क्रीनवर दिसेल फक्त 2.5. वर्षानुवर्ष कोणाला कळत नाही. डिटेक्टरवरचा आकडा आणि पॅनलवरचा आकडा एकाच वेळी दोन माणसांनी फोनवर वाचून बघा, पाच मिनिटांचं काम आहे, आणि शून्यावर नाही, गॅस देऊन बघा, कारण शून्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

आता त्या कळमन्याच्या डिटेक्टरवर येतो. जाऊन पाहिलं तर आधीच्या कॅलिब्रेशनवाल्यानं (सिलेंडरचा ठरलेला गॅस देऊन डिटेक्टर जुळवणाऱ्यानं) साधा रबरी पाइप वापरलेला, अमोनिया पाइपाच्या भिंतीला चिकटतो, सेन्सरपर्यंत पूर्ण पोचतच नाही, वरून यानं रीडिंग स्थिर व्हायची वाटही नाही पाहिली आणि 25 चं स्पॅन दाबून दिलं. सेन्सरला मिळालं कमी, त्याला सांगितलं 25, मग तो तेव्हापासून सगळंच वाढवून दाखवणार ना. दुपारी ऑइल ड्रेन करताना (सिस्टिममध्ये साचलेलं तेल काढताना) थोडा गॅस सुटायचा, तेवढ्यावर हूटर. म्हणजे गॅस होताच, पण कमी. टेफ्लॉनचा पाइप, सिलेंडरची एक्सपायरी, बरोबर फ्लो आणि रीडिंग थांबेपर्यंत धीर, एवढं पाळलं तर अर्धे खोटे अलार्म तिथंच संपतात. आणि झिरो दाबायचं ते स्वच्छ हवेत किंवा झिरो एअरच्या सिलेंडरवर, कॉम्प्रेसर रूममध्ये 5 पीपीएम तरंगत असताना झिरो दाबलं तर ते 5 कायमचे गायब.

फॉल्टसाठी मल्टिमीटर काढा, अंदाज नका लावू. शून्य मिलीअँप म्हणजे वायर तुटली, फ्यूज गेला किंवा सप्लाय नाही. 2-3 च्या आसपास अडकला असेल तर बहुतेक डिटेक्टर स्वतःच सांगतोय की बिघाड आहे किंवा कोणी इनहिबिटवर (अलार्म तात्पुरता दाबून) टाकून विसरलं, नेमका आकडा कंपनीप्रमाणे बदलतो, मॅन्युअल उघडा. 20 च्या वर गेला तर त्याला फॉल्ट समजून रिसेट मारू नका, ते ओव्हररेंज (गॅस मोजायच्या रेंजच्या वर) असू शकतं, खरा गॅस असू शकतो, आधी लोकं बाहेर काढा.

फॉल्ट फक्त हूटर वाजल्यावरच येत असेल तर सप्लाय बसतोय, पॅनलवर 24 व्होल्ट दिसतील पण लांबच्या बारीक केबलच्या टोकाला किती उरतात ते लोड असताना मोजा. कॉम्प्रेसर चालू होताच रीडिंग उडत असेल तर केबलची शील्ड (तारांभोवतीची धातूची जाळी) दोन्ही टोकांना अर्थ केलीय का बघा, एकाच टोकाला पाहिजे. पहिल्या पावसात येणारा फॉल्ट म्हणजे ग्लँडमधून (केबल आत जाते त्या तोंडातून) जंक्शन बॉक्समध्ये पाणी, याला वेगळं शोधायचीही गरज नाही. आमच्याकडे टिनाच्या शेडखाली मे महिन्यात तापमान 50 च्या वर जातं, बऱ्याच इलेक्ट्रोकेमिकल सेलची (विषारी गॅसच्या सेन्सरमधला रसायनाचा सेल) मर्यादाच 50 आहे, वरून हवा कोरडी, सेल वाळून जातो बावा. छताला चिकटवू नका, थोडा खाली, सावलीत लावा.

आता तो गप्प बसणारा प्रकार. एलपीजी-मिथेनसाठी जो गरम मण्यावाला सेन्सर असतो त्याच्याजवळ कोणी सिलिकॉन स्प्रे मारला तर त्याचा कॅटॅलिस्ट मरतो, पण हीटर चालूच असतो, म्हणून पॅनलला सगळं ठीक दिसतं. 4 मिलीअँप, शून्य रीडिंग, फॉल्ट नाही. हे फक्त बंप टेस्टमध्ये सापडतं, खरा गॅस देऊन हूटर वाजतो का ते बघायचं, लायटरचा गॅस सोडून नाही, त्यानं सेन्सर अजून खराब होतो.

कळमन्याला त्या दिवशी फॉल्ट निघाला तो सेल संपल्याचा, तीन वर्षं झाली होती आणि कोणी तारीखच लिहिली नव्हती. नवीन सेल टाकला, सेटिंग परत 25, ऑइल ड्रेनच्या आधी एक्झॉस्ट चालू करायला सांगितलं. डिटेक्टरच्या झाकणावर मार्करनं तारीख मीच लिहून आलो.