भंडारदऱ्याची पावसाळी फेरी, ठाण्याहून एका दिवसात

पावसाळ्यात माझ्या गाडीला भंडारदऱ्याची भाडी पुष्कळ. नौपाड्यातली मंडळी हमखास विचारतात, "दादा, आठला निघालो तर चालेल ना?" चालेल की, मग नाश्ता मानकोलीला ट्रकांच्या रांगेत अडकूनच उरकायचा. पहाटे पाचला माजिवडा सोडला पाहिजे.

जाताना जुन्या नाशिक हायवेने जा. समृद्धी महामार्गाचा भिवंडीजवळच्या आमणे ते इगतपुरी टप्पा जून २०२५ पासून सुरू झालाय, वेळही वाचतो, पण त्यात कसारा घाट हुकतो. पावसात भिजलेला कसारा बघायचा नसेल तर निघायचंच कशाला? घाटात काच आतून धुरकटते. फडक्याने पुसत बसू नका, एसी लावून हवा काचेवर सोडा. धुक्यात दिवे लो-बीमवर ठेवा. चालत्या गाडीत पार्किंगचे चारही दिवे लावणारे भेटतील, त्यांच्यापासून लांबच राहा. ते कुठे वळणार, त्यांनाच ठाऊक.

घोटीत मिसळ खा, टाकी फुल करा आणि नाशिकचा रस्ता सोडून उजवीकडे वळा. फोनमध्ये नकाशा इथेच उतरवून घ्या, पुढे रेंजचा भरवसा नाही. बारी गावाशी कळसूबाईचा पायथा. १६४६ मीटरचं शिखर बहुतेक वेळा ढगातच असतं, त्यामुळे फोटोसाठी ताटकळू नका.

शेंडीला, म्हणजे भंडारदऱ्याच्या गावात, पोचलात की समोर विल्सन धरण, म्हणजेच भंडारदरा धरण. १९१० ला काम सुरू होऊन १९२६ ला पुरं झालेलं. त्याच्या पाण्याला वळसा घालणारा रस्ता हीच खरी सहल. लोक आधी घाटघरकडे पळतात. मी आधी रतनवाडीला नेतो. गर्दी व्हायच्या आत अमृतेश्वराचं देऊळ निवांत बघता येतं. पुष्करिणी चुकवू नका. मागे रतनगड, तिथेच प्रवरा उगम पावते.

पुढे साम्रद. शेंडीतूनच फोन करून पिठलं आणि नागलीची भाकरी सांगून ठेवलीत तर दुपारी गरम पान मिळतं. सांदण दरीत पावसाळ्यात उतरायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. वर पाऊस झाला की त्या अरुंद घळीत पाणी कधी वाढेल, सांगता येत नाही. तिथून घाटघरचा कोकणकडा. धुकं असलं तर पंधरा-वीस मिनिटं थांबा. वारा सुटला की पडदा बाजूला होतो, नाहीतर निघा. परत शेंडीकडे पांजरे, मुरशेतवरून.

हा रस्ता अरुंद. समोरून एसटी आली तर मागे घ्यायची तयारी आपण ठेवायची. साइडपट्टी चिखलाची असते, चाक खाली उतरवायचं नाही. ओढ्याचं पाणी रस्त्यावरून वाहत असेल आणि खालचा डांबर दिसत नसेल, तर परत फिरा.

धबधब्यांचं एक गणित आहे. कोलटेंभे, नेकलेस वगैरे ओढ्यांचे धबधबे त्या-त्या दिवसाच्या पावसावर. अंब्रेला आणि रंधा मात्र धरणातून सोडलेल्या पाण्यावर. म्हणून जुलैच्या सुरुवातीला येऊन "रंध्याला काहीच नाही" म्हणणारे बरेच भेटतात. धरण भरलं की, बहुधा ऑगस्टमध्ये, तो बघावा. शेंडीहून राजूरच्या वाटेवर दहाएक किलोमीटर, तिथलं पाणी कठड्याच्या आत राहूनच बघा.

शनिवार-रविवार टाळता आला तर टाळाच.

परतताना मात्र समृद्धी. दिवसभर वळणं घेऊन हात भरून येतात, अंधारात घाट उतरायची हौस नको. इगतपुरीजवळ चढा, आमण्याला उतरा. दुचाकीला तिथे बंदी, बाइकवाल्यांनी उजेडातच कसारा उतरायचा. आमण्याच्या पुढे भिवंडीची रांग लागते, तिच्यावर माझ्याकडेही उपाय नाही.