दाजीपूरला निळ्या डोक्याचा कस्तुर पाहायला जाण्यापूर्वी

निळ्या डोक्याचा कस्तुर उन्हाळ्यात हिमालयाच्या उतारांवर घरटे करतो आणि ऑक्टोबरपासून सह्याद्रीच्या जंगलांत मुक्कामाला येतो. तिकडे मोकळ्या गळ्याने गाणारा हा पक्षी इकडे आल्यावर फारसा बोलत नाही, आणि फांदीवर बसला की बराच वेळ हलतही नाही. त्यामुळे कोल्हापूरहून राधानगरी-दाजीपूरकडे निघण्याआधी दुर्बिणीची काळजी करण्यापेक्षा काय शोधायचे आहे ते डोळ्यांत पक्के करून घ्यावे.

नर सुमारे 17 सेंटिमीटर लांबीचा, म्हणजे बुलबुलापेक्षा किंचित लहान असतो. डोके व गळा निळा, डोळ्यावरून गेलेली काळी पट्टी, पोट आणि कंबर नारिंगी-तांबूस, आणि पंखावर ठळक पांढरा डाग, एवढे ध्यानात ठेवावे. यांतला पांढरा डाग सर्वांत भरवशाचा आहे, कारण आपल्याकडे बारमाही राहणारा टिकेलचा निळा माशीमारही निळा-नारिंगीच असतो. मात्र तो आकाराने लहान असतो, त्याचा नारिंगी रंग थेट गळ्यापर्यंत चढलेला असतो आणि पंखावर पांढरे काही नसते. चित्रांवर फार विसंबूही नये. हिवाळ्याच्या सुरुवातीला नराच्या निळ्या पिसांना मातकट कडा असतात, त्यामुळे तो मळलेला दिसतो. पुढे त्या कडा झिजत जातात आणि मार्चपर्यंत रंग उजळतो. पिसे न गळताच पक्षी नवा दिसू लागतो, ही मला या कस्तुराची सर्वांत गमतीची गोष्ट वाटते. मादीचा अभ्यास बहुतेक जण टाळतात आणि तिथेच फसतात. ती वरून साधी तपकिरी व खालून खवल्याखवल्यांची असते. पंखावर डाग नसतो, आणि वाळक्या पानांच्या पार्श्वभूमीवर ती सहज हरवते. पन्हाळ्यासारख्या गडाच्या तटावर किंवा उघड्या कातळावर हिवाळ्यात दिसणारा, सर्वांगाने निळसर असलेला कस्तुर निराळा. आपल्याला हवा असलेला पक्षी झाडीतला आहे.

दिवस ठरवताना डिसेंबर ते मार्चचा पहिला पंधरवडा धरावा. राधानगरी अभयारण्य पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंद असते, म्हणून प्रवेशाचे दिवस, वेळा आणि शुल्क यांची वन विभागाकडे आधी चौकशी करून घ्यावी. वाटाड्या स्थानिकच घ्यावा. कोल्हापुरात मिसळ खाऊन सावकाश निघालो तर दाजीपूर गाठेपर्यंत सकाळ सरते, हे मी स्वतः दोनदा करून पाहिले आहे. शक्य असल्यास आदल्या रात्री राधानगरी परिसरात मुक्काम करावा आणि डबा बरोबर घ्यावा.

दाट झाडीत उजेड कमी असतो, म्हणून आठ पट मोठे दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरेशी ठरते. अधिक पटींच्या दुर्बिणीत हात थरथरतो आणि दृश्यही अरुंद होते. कपडे मातकट किंवा गडद हिरवे, पूर्ण बाह्यांचे असावेत आणि पँटचे पाय मोज्यांत खोवावेत. शेजारच्या सिंधुदुर्गात 2016 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत व तो गोचिडीमुळे पसरतो, म्हणून पालापाचोळ्यात बसकण मारू नये आणि परतल्यावर अंग व कपडे तपासावेत. हे जंगल गव्यांचे आहे. 1958 साली ते त्यांच्यासाठीच अभयारण्य म्हणून जाहीर झाले. वाटेत गवा दिसल्यास पक्षी सोडून द्यावा आणि आवाज न करता मागे फिरावे.

प्रत्यक्ष शोधताना शेंड्यांकडे पाहू नये. हा कस्तुर सावलीतल्या आडव्या, पानांविना फांदीवर ताठ बसतो, तिथून जमिनीवर उतरून पाचोळ्यातला किडा उचलतो आणि पुन्हा फांदीवर जातो. म्हणून वाटेच्या कडेला पाचोळा साचलेली, काहीशी मोकळी जागा निवडून तिथे निदान वीस मिनिटे उभे राहावे, आणि पाचोळ्यात हालचाल झाली की लगेच दुर्बीण न उचलता तो पक्षी कोणत्या फांदीवर जातो ते आधी नुसत्या डोळ्यांनी पाहावे. मोबाइलवर आवाज वाजवण्याची कल्पना बरोबरच्या मंडळींना घरीच सोडायला सांगावी: लांबचा प्रवास करून आलेल्या पाखराला त्याचा उपद्रव होतो, आणि मौन पाळणाऱ्या पक्ष्यापुढे त्याचा उपयोगही बेताचाच.

खिशात लहान वही आणि शिसपेन्सिल असावी. तारीख, वेळ, जागा, नर की मादी, जमिनीपासून किती उंचीवर बसला होता, हे तिथेच लिहावे. कस्तुर दिसला नाही तर किती वेळ आणि कुठे शोधले, तेही त्याच वहीत लिहून ठेवावे.