बॅकस्लॅश नेमके किती? स्ट्रिंगमधल्या एस्केपचा हिशेब

कोट्समधल्या मजकुरात, म्हणजे स्ट्रिंगमध्ये, बॅकस्लॅश (\) आला की पुढच्या अक्षराचा अर्थ बदलतो; यालाच एस्केप म्हणतात. अशा वेळी आधी एवढंच बघा: हा मजकूर कोण कोण वाचणार आहे? प्रत्येक वाचणारा आपल्या वाटचे बॅकस्लॅश काढून घेतो आणि उरलेलं पुढे देतो.

समजा, रेग्युलर एक्स्प्रेशनने (रेजेक्स, म्हणजे मजकुरात नमुना शोधायची पद्धत) एक बॅकस्लॅश शोधायचा आहे. रेजेक्स इंजिनला तो \\ असा लागतो. जावाच्या स्ट्रिंगमध्ये त्या दोन्हींचे पुन्हा दोन-दोन होतात, म्हणून कोडमध्ये "\\\\". लिहिताना नेहमी आतून बाहेर या, आधी रेजेक्स, मग स्ट्रिंग; चालेपर्यंत बॅकस्लॅश वाढवत बसू नका. पायथनमध्ये कोटाच्या आधी आर (r) लावून रॉ स्ट्रिंग (जिच्यात बॅकस्लॅश तसेच राहतात) केली की दोनच पुरतात. मात्र रॉ स्ट्रिंगच्या शेवटी एकटा बॅकस्लॅश चालत नाही, कारण त्याच्यामुळे बंद होणारा कोट बंद होतच नाही.

विंडोजचे पाथ (फाइलचे पत्ते) इथेच फसवतात. फोल्डरचं नाव स्मॉल टी किंवा एनने सुरू झालं, तर आधीच्या बॅकस्लॅशसकट त्याचा \t किंवा \n होतो, पाथमध्ये गुपचूप टॅब किंवा नवी ओळ घुसते आणि फाइल सापडत नाही. कॅपिटल यू असेल तर पायथन 3 निदान एरर तरी देतं, कारण त्यापुढे त्याला आठ हेक्स अंक हवे असतात. बॅकस्लॅश दुप्पट करा, रॉ स्ट्रिंग घ्या, नाहीतर सरळ / वापरा. बहुतेक ठिकाणी चालतो.

ओळखीचा नसलेला एस्केप आला तर जावा आणि गो कंपाइलच करत नाहीत, हे उत्तम. पायथन बॅकस्लॅश तसाच ठेवतं, 3.12 पासून सिंटॅक्स वॉर्निंग दिसते. जावास्क्रिप्ट मात्र तो मुकाट्याने गाळतं. त्यामुळे स्ट्रिंगमधून रेजेक्स बनवलात, तर अंक शोधणारा पॅटर्न \d नुसतं डी अक्षर शोधत बसतो.

एसक्यूएलमध्ये (डेटाबेसच्या भाषेत) स्ट्रिंगमधला सिंगल कोट दोनदा लिहायचा: ''. पोस्टग्रेसमध्ये 9.1 पासून बॅकस्लॅश हे साधं अक्षर आहे, मायएसक्यूएलमध्ये डीफॉल्टने एस्केप. वापरकर्त्याचा मजकूर क्वेरीत घालायचा असेल तर या भानगडीत पडूच नका, पॅरामीटर वापरा, म्हणजे तो मजकूर क्वेरीपासून वेगळा पाठवा. बॅशमध्ये (लिनक्सच्या कमांड लाइनवर) सिंगल कोटांच्या आत एस्केप नसतोच, म्हणून कोट बंद करून पुन्हा उघडावा लागतो: '\''. जेसनमध्ये (डेटा लिहायच्या एका फॉरमॅटमध्ये) \' लिहिलं तर पार्सर फाइल नाकारतो.

गोंधळ झाला तर स्ट्रिंगची लांबी छापा. वरच्या जावाच्या स्ट्रिंगची लांबी 2 यायला हवी. 4 आली तर कुठेतरी एक थर जास्त चढला आहे.