कुत्र्यामांजराला स्टेरॉइड सुरू असेल तर

खाज थांबली, कान लाल दिसेनासा झाला, की पहिला मोह होतो गोळी बंद करण्याचा. तेवढं मात्र करू नका. प्रेडनिसोलोन (नेहमी दिलं जाणारं स्टेरॉइड) काही आठवडे पोटात गेलं की मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराला लागणारं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी करतात. गोळी एकदम तोडली तर जनावर गळून जातं, उलट्या होतात, कधी जिवावरही बेततं. डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात ते यासाठीच.

गोळी खाण्यासोबत द्या. या दिवसांत पाण्याचं भांडं तासाभरात रिकामं होईल, रात्री दोनदा बाहेर न्यावं लागेल, घरात लघवी झाली तर रागावू नका, बिचाऱ्याच्या हातात नसतं ते. पाणी कधीच तोडू नका. भूक मात्र खोटी असते, खाणं मोजूनच घाला.

आणि सर्वांत महत्त्वाचं: आधीची उरलेली मेलॉक्सिकॅमसारखी दुखण्याची गोळी सोबत देऊ नका. दोन्ही मिळून पोटात व्रण होतात. शी डांबरासारखी काळी, चिकट दिसली तर लगेच डॉक्टरांना फोन करा.