सिएटलच्या गार हवेत मेथी, लसूण आणि कोबी: कधी पेरायचं, काय करायचं

मेथी आणि कोथिंबीर मे महिन्यात पेरू नका, हे आधीच सांगून टाकते. मी पहिल्या वर्षी तेच केलं, आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वीतभर कोथिंबिरीला मधूनच ताठ देठ सुटला, पानं बडीशेपेच्या झाडासारखी बारीक झाली आणि वर पांढरी फुलं, एक जुडीसुद्धा धड मिळाली नाही. मला वाटलं खत कमी पडलं म्हणून अजून खत घातलं, पण खताचा काही संबंधच नव्हता. इथे जूनमध्ये दिवस जवळजवळ १६ तासांचा असतो, आणि एवढा उजेड मिळाला की कोथिंबीर पानं सोडून फुलाच्या मागे लागते.

म्हणून पालेभाजी पेरायची ती ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. माती अजून उबदार असते, दिवस लहान होत चाललेला असतो, आणि मेथी, मोहरी, पालक सगळं छान भरतं. धणे लाटण्यानं हलके दाबून दोन फाकी करायच्या (भुगा नको), रात्रभर पाण्यात भिजवायचे आणि साधारण सेंटीमीटरभर मातीखाली टाकायचे. मेथी किराण्यातली चालते, दाट पेरा. सिएटल म्हणजे पाऊसच पाऊस असं सगळे म्हणतात पण वर्षाला पडतो साधारण ९५० मिलिमीटर, मुंबईच्या निम्म्याहून कमी, आणि जुलै-ऑगस्ट तर जवळजवळ कोरडेच जातात, त्यामुळे कोंब येईपर्यंत वाफ्यावर ओलं गोणपाट टाकून ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ पाणी द्या. कोंब दिसला की त्याच दिवशी गोणपाट काढा, नाहीतर पिवळी पडतात रोपं. नोव्हेंबर ते जानेवारी दिवस १० तासांच्याही खाली जातो आणि वाढ थांबल्यासारखी होते, तेव्हा जे काय मोठं व्हायचं ते ऑक्टोबर संपायच्या आत व्हायला हवं.

स्लगचा (म्हणजे शंख नसलेल्या गोगलगायींचा) बंदोबस्त पहिल्या आठवड्यातच करा. रात्री टॉर्च घेऊन बाहेर जा आणि हातानं वेचा, खरंच सांगते याच्याइतका चांगला उपाय नाही, एका रात्रीत मेथीची अख्खी ओळ साफ करतात ते. वर आयर्न फॉस्फेटचे दाणे थोडे थोडे टाकायचे.

लसूण ऑक्टोबरमध्ये लावायचा. पाकळ्या सोलायच्या नाहीत, टोक वर, दोन इंच खोल, वीतभर अंतरावर, वर वाळलेल्या पानांचा जाड थर. पावसानं इथली माती आंबट होत जाते म्हणून त्याआधी मातीची टेस्ट करून लागेल तेवढा शेतीचा चुना मिसळा. हार्डनेक जातीचा लसूण घेतलात तर जूनमध्ये प्रत्येक झाडातून गोल वळलेला हिरवा तुरा निघतो, तो कापायचाच, म्हणजे खालचा गड्डा मोठा होतो. आणि तो तुरा टाकू नका हो! तव्यावर थोड्या तेलात हिरव्या मिरच्यांबरोबर काळे डाग पडेपर्यंत भाजा, दाणे आणि मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटा. असा ठेचा मी रत्नागिरीतसुद्धा खाल्ला नव्हता, लसणाचा वास पुरेपूर पण उग्रपणा अजिबात नाही. फक्त तो तेलात बुडवून ओट्यावर ठेवायचा नाही, तेलाखाली हवा नसते आणि तिथे बॉट्युलिझमचे (जीवघेण्या विषबाधेचे) जंतू वाढू शकतात. फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा, उरलेला फ्रीझरमध्ये. जुलैमध्ये खालची पानं पिवळी पडली की गड्डे उपटून सावलीत, वारा लागेल असे तीन आठवडे टांगायचे.

मटार फेब्रुवारीत. प्रेसिडेंट्स डेला (फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारच्या सुट्टीला) मटार लावायची इथे पद्धतच आहे, पण गार ओल्या मातीत बी कुजतं, तेव्हा मटकीला काढतो तसे फडक्यात मोड काढून मग लावा.

टोमॅटोसाठी सिलेट्झ किंवा लेजेंड घ्या. दोन्ही जाती शेजारच्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीनं गार हवेसाठीच काढल्यात. मेच्या मध्यानंतर दक्षिणेकडच्या भिंतीला लागून लावायचे आणि पाणी मुळाशी घालायचं, पानं ओली राहिली की करपा येतो (१८४५ मध्ये आयर्लंडचे बटाटे नासवले तोच हा). सप्टेंबरअखेर पाऊस लागायच्या आत हिरवे टोमॅटोसुद्धा तोडून आणा, दाण्याचं कूट, गूळ आणि तीळ घालून त्यांची चटणी फार सुंदर होते. भेंडीच्या मागे मात्र लागू नका, तिला ऊन पुरत नाही.

आणि कोबी, जो इथे अगदी घट्ट आणि गोड येतो. एक किलो बारीक चिरलेल्या कोबीला २० ग्रॅम मीठ, वजन करूनच घ्या, चमच्याच्या अंदाजानं नको. दहा मिनिटं हातानं चोळलात की पाणी सुटतं, मग त्यात जाडसर कुटलेली मोहरी, चिमूटभर हळद, दोन चिरलेल्या मिरच्या घालून बरणीत दाबून भरा, वर कोबीचं अख्खं पान आणि त्यावर छोटी वाटी वजनाला, कोबी पाण्याखालीच राहायला हवा. झाकण सैल ठेवा. १८-२० अंशांना दोन-तीन दिवसांत बुडबुडे येतात, दोन ते तीन आठवड्यांत आंबट चव येते. वर पांढरा पातळ पापुद्रा आला तर तो काढून टाकला की झालं, पण केसाळ रंगीत बुरशी दिसली तर सगळी बरणी टाकून द्यायची. चव जमली की फ्रिजमध्ये ठेवा, आणि गरम वरणभाताबरोबर वाढा.