कन्नड नोटीस मराठीत वाचायची तर फोन असा लावून घ्या

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत हेस्कॉम या वीज कंपनीचं बिल, पंचायतीची नोटीस, शाळेच्या ग्रुपवरचा निरोप कन्नडमधून येतो. पूर्वी कागद घेऊन कन्नड येणाऱ्या शेजाऱ्याकडं जायला लागायचं. आता फोन वाचून दाखवतो, पण तो आधी नीट लावून घेतला तरच.

आधी कीबोर्ड. जीबोर्ड, म्हणजे गुगलचा कीबोर्ड, त्याच्या सेटिंग्जमध्ये 'लँग्वेजेस', मग 'अ‍ॅड कीबोर्ड' करून मराठी आणि कन्नड दोन्ही घ्या. आज्जी-आजोबांसाठी मराठीचा हस्तलेखनाचा कीबोर्ड निवडा. बोटानं गिरवलं की अक्षर उमटतं. स्पेसबार दाबून धरला की भाषा बदलते. बोलून टाइप करताना कीबोर्ड मराठीवरच आहे ना, बघा. इंग्रजीवर राहिला तर मराठी बोलण्यातून भलतेच इंग्रजी शब्द उमटतात.

मग गुगल ट्रान्सलेट. कणकुंबी, जांबोटीकडं रेंज कधी असते, कधी नसते. म्हणून वायफाय असेल तिथं मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा डाउनलोड करून ठेवा. कॅमेरा लावण्याआधी मूळ भाषा स्वतः 'कन्नड' निवडा. ओळखायचं काम फोनवर सोडलं तर तेलुगूशी गल्लत होऊ शकते, दोन्ही लिप्या तितक्या सारख्या आहेत. कागदाची घडी मोडून तो उजेडात सपाट ठेवा आणि वाक्य शेवटापर्यंत फोटोत घ्या. कन्नडमध्ये नकार वाक्याच्या शेवटी येतो: 'इल्ल' (नाही), 'बेड' (नको), 'बारदु' (नये). शेवटची ओळ कापली गेली तर 'भरू नये'चं 'भरावे' होऊन बसतं.

आकडे मात्र मूळ कागदावरूनच वाचा. कन्नड ६ आणि ९ दिसायला जवळजवळ सारखे असतात. जमिनीच्या उताऱ्यात एकर-गुंठे आणि खातेदाराचं नाव भाषांतरावर कधीच सोडू नका. नावाचाही अर्थ लावून फोन भलतंच काही लिहितो. उताऱ्याचा कागद जाणत्या माणसाला दाखवायलाच हवा, त्याला पर्याय नाही.

कन्नडमध्ये उत्तर द्यायचं तर मराठी वाक्यं छोटी आणि पुस्तकी लिहा. 'बघून सोडतो' असलं आपलं बोलणं फोनला कळत नाही, 'उद्या येऊन पाहतो' कळतं. तयार झालेलं कन्नड कॉपी करून परत मराठीत फिरवा. अर्थ तोच आला तरच पाठवा.

'बिल थकलंय, आज रात्री वीज तोडणार' असा मेसेज आणि खाली लिंक असेल तर ती उघडू नका. भाषांतर स्वच्छ आलं म्हणून मेसेज खरा ठरत नाही. बिलावरचा ग्राहक क्रमांक घेऊन वीज कार्यालयात विचारा. ओटीपी कुणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा.