नायटा की सोरायसिस? मलम लावण्याआधी एवढे करा

जांघेत किंवा कमरेला खाजरा चट्टा उठला की आपण आधी मेडिकलमध्ये जातो आणि एखादी ट्यूब घेऊन येतो. तिच्यात बऱ्याचदा बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइडही असते. दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. बुरशी मात्र मरत नाही. स्टेरॉइड त्वचेची प्रतिकारशक्ती दाबते, त्यामुळे बुरशी आणखी पसरते आणि नायटा, म्हणजे बुरशीमुळे होणारा त्वचेचा संसर्ग, ओळखूही येईनासा होतो.

१. ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसले तर ते स्टेरॉइड आहे. २०१८ पासून अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. तरीही दुकानदार देतो, म्हणून आपणच विचारायला हवे. बरेच दिवस लावत असाल तर ती ट्यूब घेऊनच डॉक्टरांकडे जा.

२. चट्टा उजेडात बघा. नायटा बहुधा गोल असतो; कड उठलेली, लाल, मधला भाग निवळत गेलेला. सोरायसिस हा संसर्ग नव्हे, शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होणारा त्वचारोग आहे; त्याचा चट्टा जाड असतो, त्यावर चंदेरी खपल्या असतात. तो कोपर, गुडघे, डोक्याची त्वचा इथे जास्त येतो आणि नखांवर बारीक खड्डे पडतात. नुसत्या नजरेवर मात्र विसंबू नका. त्वचारोगतज्ज्ञ खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधतात. ही तपासणी साधी आहे, ती करायला सांगा.

३. नायटा निघाला तर मलम चट्ट्याच्या कडेबाहेर साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत लावा. चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर लावत राहा. बहुतेकांचा नायटा उलटतो तो इथेच. हल्ली भारतात टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाला दाद न देणारी बुरशी बरीच आढळते. त्यामुळे शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी तुम्हाला लागू पडेलच असे नाही.

घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांचेही उपचार एकाच वेळी करा. टॉवेल वेगळा ठेवा. आतले कपडे रोज बदला, गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. कमरेचा करगोटा काही काळ काढून ठेवा. ओला दोरा बुरशीला आसरा देतो. श्रद्धेचा प्रश्न असेल तर बरे झाल्यावर नवा बांधा. लिंबू, लसूण, चुना चोळू नका, कातडी भाजते.

४. सोरायसिस निघाला तर घरच्यांना आधी सांगा की हा स्पर्शाने पसरत नाही. ताट-अंथरूण वेगळे करण्याचे काहीच कारण नाही, आणि त्या वागण्याने रुग्ण चट्ट्यांपेक्षा जास्त खचतो. आंघोळीनंतर ओलसर त्वचेवरच व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा. खपल्या उपटू नका, ओरखड्यांवर नवे चट्टे उठतात. यात स्टेरॉइड मलमाचा उपयोग होतो, पण किती आणि कुठवर लावायचे हे डॉक्टर ठरवतील. त्याखेरीज कॅल्सिपोट्रायोल मलम, अतिनील किरणांचे उपचार, गोळ्या, इंजेक्शने असे पर्याय आहेत.

सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट हे औषध लिहून दिले असेल तर ती गोळी सहसा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा; चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. गरोदरपणात ती चालत नाही.

स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम बंद केल्यावर अंगभर पू भरलेल्या पुळ्या आणि ताप आला, किंवा सगळे अंग लाल होऊन सोलू लागले, तर वाट न बघता रुग्णालय गाठा.